बीडचा कापरा सूर

*वरातीत ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा हात थरथरायला लागला तर? गाव म्हणतं, 'लावून आला असेल!' डॉक्टर मात्र वेगळंच सांगतात. बीडच्या एका बँड मास्टरबरोबर घालवलेल्या तीन दिवसांची ही गोष्ट...*

बोर्डरूममध्ये प्रोजेक्टर सुरू आहे. बॉस समोर बसलाय, क्लायंटची माणसं घड्याळाकडे बघतायत. तुम्ही स्टाइलमध्ये लेझर पॉइंटर उचलता आणि पडद्यावरचा तो लाल ठिपका चक्क नाचायला लागतो! कितीही दाबून धरा, जागेवर म्हणून थांबत नाही. मग तुम्ही पटकन बटण सोडता, हातानेच आकडे दाखवता आणि वेळ मारून नेता. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तोच किस्सा रंगवून सांगता. विषय संपला.

आता कल्पना करा, ही थरथर रोजची आहे. जेवताना, सही करताना, शर्टाचं बटण लावताना. आणि ज्या कामावर तुमचं घर चालतं ते काम म्हणजे भर रस्त्यात, चार-पाचशे लोकांसमोर पितळेचा ट्रम्पेट ओठांना लावून एक लांबलचक सूर सरळ धरणं. बोला, काय कराल?

या प्रश्नाचं उत्तर मला बीडमध्ये मिळालं. खरं तर मी गेले होते डीजेच्या जमान्यात बँडवाल्यांचं काय चाललंय ते बघायला. ऐन लग्नसराईचे दिवस. पुण्याहून एसटी पकडली, अहिल्यानगर मागे पडलं, कडा-आष्टी आलं की जिल्हा बीडचा सुरू होतो. खिडकीतून दिसणारं सगळं एकाच रंगाचं. काळी रानं, मधूनच बाभळी आणि लांबवर बालाघाटाच्या डोंगररांगा. बीड म्हटलं की आपल्याला पेपरातल्या दोनच गोष्टी आठवतात, दुष्काळ आणि ऊसतोड. पण त्याच बीडमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास लग्नाच्या तिथीला कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. पाच मिनिटांच्या आत कुठून तरी ट्रम्पेट ऐकू येणार म्हणजे येणारच!

पितळेची गल्ली

बीड शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते (उन्हाळ्यात 'वाहते' म्हणणं जरा धाडसाचंच!). जुन्या भागातल्या एका गल्लीत बँडची दुकानं आहेत. दुकान म्हणजे काय, तर दहा बाय बाराचा गाळा. भिंतीला खुंट्यांवर टांगलेले लाल-सोनेरी कोट, कोपऱ्यात ढोल आणि वर फळीवर ओळीने मांडलेली पितळी वाद्यं. ही वाद्यं बहुतेक मेरठहून येतात. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यानपिढ्या हाच धंदा चालतो आणि तिथली नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची.

ब्रास बँड आपल्याकडे आला तो ब्रिटिश पलटणींबरोबर. मग संस्थानिकांनी उचलला, मग सावकारांनी, आणि हळूहळू तो कुणाच्याही लग्नातला मानाचा पाहुणा झाला. ग्रेगरी बूथ नावाच्या संशोधकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' नावाचं अख्खं पुस्तकच लिहिलंय, २००५ मध्ये. म्हणजे आपण ज्यांच्याकडे पाठ करून गुलाबजाम खातो, त्यांच्यावर परदेशातला प्रोफेसर पुस्तक लिहितो. असो.

मी ज्यांच्याकडे गेले त्यांना सगळी गल्ली 'मास्टर' म्हणते. वय पन्नाशीच्या आसपास, अंगात पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. नाव इथे देत नाही, कारण त्यांचीच ती अट होती. "ताई, नाव छापलं की पुढच्या सिझनच्या सुपाऱ्या गेल्या म्हणून समजा. पार्टी इसार द्यायच्या आधी दहा ठिकाणी चौकशी करती." तेव्हा मला वाटलं, डीजेवाल्यांशी काही तरी भांडण असेल.

मग चहा आला. कपबशीतून. मास्टरांनी बशी उचलली आणि कप तिच्यावर खुळखुळायला लागला. एक शब्द न बोलता त्यांनी बशी खाली ठेवली, कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि मान खाली नेऊन चहा प्यायला. दुकानातली पोरं दुसरीकडे बघत होती. सवयीने.

डीजेचा विषय तिथेच राहिला.

"मास्टर लावून आलेत"

सुरुवात झाली सातेक वर्षांपूर्वी. आधी उजवा हात, मग डावाही. हात मांडीवर निवांत ठेवला की काही नाही. पण काही उचललं, धरलं, तोंडाजवळ नेलं की थरथर सुरू. आणि ट्रम्पेट म्हणजे नेमकं तेच! डाव्या हाताने वाद्य उचलून धरायचं, उजव्या हाताच्या तीन बोटांनी तीन पिस्टन दाबायचे आणि माउथपीस ओठांवर अगदी बेताने टेकवायचं. कमी टेकलं तर हवा निसटते, जास्त दाबलं तर ओठ बधिर होतो. हात हलला की हा दाब बदलतो आणि दाब बदलला की सूर डळमळतो.

"गंमत बगा ताई," मास्टर सांगत होते, "फास्ट गाणं असलं की काहीच कळत नाही. बोटं पळत असतात, त्यात हात हलतो का कोन बगतंय? वांधा होतो स्लो गाण्यात. सुरुवातीचा जो लांब सूर असतो ना, तिथं. तिथं लपायला जागाच नसती."

लोकांनी त्याचा अर्थ लावला तो एकच. बँडवाला, रात्रीची वेळ, हात थरथरतोय... अजून काय असणार? एका लग्नात तर नवरदेवाच्या वडलांनी भर मांडवाबाहेर सुनावलं, 'मास्टरच पिऊन आलाय, उरलेले पैसे कशाचे मागता?' आणि खरंच दिले नाहीत. चौदा पोरांची त्या दिवसाची मजुरी मास्टरांनी स्वतःच्या खिशातून भागवली. ज्या माणसाने माळ घातल्यापासून दारूला शिवलेलं नाही, त्या माणसाने!

पण दारूचा या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याच्या बरोबर उलटा आहे. मास्टरांचे वडील, आबा, तेही ट्रम्पेटच वाजवायचे. त्यांचाही हात असाच कापायचा. वरातीआधी ते दोन घोट घ्यायचे, मग हात थांबायचा. "आम्हाला लहानपनी वाटायचं, आबा पितात म्हनून त्यांचा हात कापतो. सगळं गाव तेच म्हनायचं. आबा सांगायचे, 'आरं, हात कापतो म्हनून घेतो.' कुनी ऐकून घेतलं नाही." आबा गेले ते 'दारुडा वाजवणारा' म्हणूनच.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आबा अगदी खरं बोलत होते.

अंबाजोगाईची चक्कर

दुसऱ्या दिवशी मास्टरांना तपासणीसाठी अंबाजोगाईला जायचं होतं. मी म्हटलं, मी पण येते. बीडहून निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो, मग नेकनूर, केज आणि पुढे अंबाजोगाई. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत मास्टर गाड्यांच्या हॉर्नचे सूर ओळखून दाखवत होते. टाइमपास म्हणून नाही हं, सीरियसली!

अंबाजोगाई म्हटलं की योगेश्वरीचं मंदिर, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची ती सुप्रसिद्ध पासोडी. कागद पुरेना म्हणून दासोपंतांनी चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिला! निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आज गावाची मोठी ओळख म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १९७४ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे आजूबाजूच्या तालुक्यांतून 'अंबाजोगाईला दाखवून आलो' हे वाक्य सारखं कानावर पडतं.

मास्टर ज्यांच्याकडे जातात ते डॉक्टर हसतमुख आणि गप्पिष्ट निघाले. मास्टरांची परवानगी घेऊन त्यांनी मला सगळं समोर बसवून समजावलं. तपासणी बघून तर मी थक्कच झाले. ना मोठं मशीन, ना काही. एक कोरा कागद आणि बॉलपेन. मास्टरांना त्यांनी जिलेबी काढायला सांगितली! म्हणजे आतून बाहेर जाणारं गोल-गोल वेटोळं. आपण काढलं तर रेघ सरळ फिरते. मास्टरांची रेघ प्रत्येक वळणावर करवतीसारखी दातेरी. मग दोन्ही हात पुढे ताणून धरायचे, मग पाण्याने भरलेला पेला तोंडाजवळ न्यायचा.

डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात असं. थरथरणाऱ्या हाताचे ढोबळमानाने दोन प्रकार. हात निवांत असताना थरथरतो आणि काम करायला लागलं की कमी होतो, हा झाला पार्किन्सन्सचा नेहमीचा नमुना. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला, म्हणून हे नाव. आपल्या आयुर्वेदात त्याच्याशी मिळताजुळता शब्द आहे कंपवात. दुसरा प्रकार उलटा. हात निवांत असताना शांत, काही करायला गेलं की थरथर. याला म्हणतात इसेन्शियल ट्रेमर. पार्किन्सन्सपेक्षा हा कितीतरी जास्त लोकांना असतो, अनेकदा घराण्यात चालत येतो आणि तरुणपणीही सुरू होऊ शकतो. हात थरथरला की आपण थेट पार्किन्सन्सच्या भीतीने झोप उडवून घेतो, पण दर वेळी ते तसं नसतं. थायरॉइड वाढलेलं असेल, दम्याचा पंप किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, झोप कमी आणि कॉफी जास्त असेल तरी हात कापतो. (शेवटचं वाक्य ऐकताना मी माझ्या रोजच्या कॉफीचे कप मोजत होते!)

आणि दारू? इसेन्शियल ट्रेमर असलेल्या बऱ्याच जणांची थरथर थोड्याशा दारूने तासा-दोन तासांसाठी खरंच कमी होते. पण अंमल उतरला की ती दुप्पट जोमाने परत येते. मग ती थांबवायला पुन्हा घोट. आबांचा अख्खा जन्म या चक्रात गेला. त्या वेळी कुणी त्यांच्या हातात कागद आणि बॉलपेन दिलंच नाही.

"मला डाक्टरनी आजाराचं नाव सांगितलं," मास्टर परत येताना म्हणाले, "तवा सगळ्यात आधी आबांची आठवन झाली. आजार बरा होनार नाही म्हनले, तरी मी हसत बाहेर आलो. बायकोला वाटलं, याचं डोकं फिरलं."

जुगाड, पण अभ्यासाचा

इलाज काय? या आजाराला पहिली गोळी देतात ती बहुतेक वेळा प्रोप्रॅनोलॉल. स्वस्त आहे, जुनी आहे. साधारण निम्म्या लोकांना तिचा चांगला उपयोग होतो, पण थरथर कमी होते, जात नाही. आणि ती सरसकट सगळ्यांसाठी नाही. दमा असेल, नाडी मंद असेल तर ती धोक्याची. फुंकून वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर डॉक्टरने दम्याचं आधी विचारायलाच हवं. ती मनाने सुरू करायची नाही आणि मनाने अचानक बंदही करायची नाही. मास्टरांना ती लागू पडली. त्यांच्या हिशेबाने 'रुपयातले आठ आने' थरथर गेली.

उरलेले आठ आने? ते त्यांनी स्वतः कमावले. दुकानात बसून त्यांनी मला एकेक युक्ती करून दाखवली, अगदी कॉलेजच्या लेक्चरसारखी.

पहिली युक्ती कोपरांची. हात हवेत असले की जास्त थरथरतात. म्हणून दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून ठेवायची. ट्रम्पेटचं तोंड थोडं खाली झुकतं, रुबाब कमी दिसतो, पण हाताला टेकू मिळतो.

दुसरी युक्ती पकडीची. हात कापायला लागला की माणूस वाद्य घट्ट आवळतो. त्याने थरथर वाढते. मास्टर आता ट्रम्पेट 'चिमणीचं पिल्लू धरावं तसं' धरतात.

तिसरी, वाद्य ओठाला लावायची. पूर्वी ते एका हाताने झोकात उचलायचे. आता दोन्ही हातांनी छातीशी आणतात, माउथपीस आधी हनुवटीखाली टेकवतात आणि तिथून वर ओठावर सरकवतात. नेमका निशाणा साधायची गरजच उरत नाही.

चौथी, वेळेची. गोळी वरातीच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. वरात संपेपर्यंत चहा बंद. आदल्या रात्री जागरण नाही. (बँडवाल्याला लग्नसराईत झोप मिळवणं म्हणजे आपल्याला मार्चएण्डला सुट्टी मिळवण्यासारखं!)

पाचवी युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण ती एकट्याची नाही, सगळ्या बँडची आहे. मास्टरांनी पोरांना दुकानात बसवून खरं काय ते सांगून टाकलं. मग गाण्यांची नव्याने वाटणी झाली. सुरुवातीचा लांब सूर आता दोघं मिळून धरतात, मास्टर आणि त्यांचा थोरला मुलगा. एकाचा डळमळला तर दुसऱ्याचा त्याला झाकतो. मधले पळते तुकडे मास्टर एकटे वाजवतात. आणि फारच संथ गाणं आलं तर ते ट्रम्पेट खाली ठेवून युफोनियम घेतात. ते मोठं, जड वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवलेलं असतं. वजन पट्टा उचलतो, त्यामुळे हाताला फक्त पिस्टन दाबायचंच काम राहतं.

आणि आता खरी गंमत. गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या सुरात जो गोड कंप असतो, ज्याला पाश्चात्य संगीतात व्हायब्रेटो म्हणतात, तो साधारण सेकंदाला पाच ते सात वेळा हलतो. इसेन्शियल ट्रेमरची थरथर असते सेकंदाला चार ते बारा वेळा. म्हणजे दोघांच्या वाटा मध्ये एकमेकींना मिळतात! मास्टरांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण कान तयार होता. विरहाच्या गाण्यात शेवटच्या सुरावर हात जरासा मोकळा सोडला की तो आपोआप कापतो आणि ऐकणारे म्हणतात, 'काय जीव ओतलाय मास्टरांनी!' मास्टर मिश्कील हसले. "सगळ्याच गान्यात नाही चालत. पन जिथं चालतं तिथं कशाला लपवा?"

सातासमुद्रापारही तेच

परत आल्यावर मी थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न बीडच्या गल्लीतला आहे तसाच न्यूयॉर्कच्या स्टेजवरचाही आहे. फरक आहे तो त्याबद्दल बोलण्याचा. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांहून जास्त वादकांची पाहणी झाली. त्यात २७ टक्के वादकांनी सांगितलं की आम्ही प्रोप्रॅनोलॉलच्या जातकुळीतल्या, म्हणजे बीटा ब्लॉकर गोळ्या घेतो. त्यातल्या बहुतेकांना आजार नव्हता, स्टेजवर जाताना हात कापू नये म्हणून ते घेत होते. सूट-बूट घातलेल्या व्हायोलिनवादकाचा हात थरथरला की ते 'परफॉर्मन्स अँग्झायटी'. लाल कोट घातलेल्या बँडवाल्याचा थरथरला की दारू. कमाल आहे ना!

गोळ्यांनी भागलं नाही तर पुढचा मार्ग आहे मेंदूत तार बसवायचा, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. अमेरिकेतले बँजोवादक एडी अॅडकॉक यांचं हे ऑपरेशन २००८ मध्ये झालं. डॉक्टर मेंदूत तार बसवत होते आणि अॅडकॉक टेबलावर पडल्या पडल्या बँजो वाजवत होते, म्हणजे तार योग्य जागी बसली की नाही ते लगेच कळावं! आपल्याकडे बंगळुरूत २०१७ मध्ये एका तरुण गिटारवादकाने असंच गिटार वाजवत मेंदूचं ऑपरेशन करून घेतलं. त्याला थरथर नव्हती, बोटं आखडण्याचा वादकांचा आजार होता, पण कल्पना तीच. मुंबई-पुण्यातही तार बसवायच्या शस्त्रक्रिया होतात. खर्च मात्र लाखांत.

मी हे मास्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "टेबलावर ट्रम्पेट वाजवायचा म्हनजे अवघडच. झोपून दम लागत नाही." एवढीच एक अडचण त्यांना दिसली!

परण्या निघाला

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बीडजवळच्या एका गावात लग्न होतं. मराठवाड्यात लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. पुढे बँड, मध्ये नाचणारी पोरं, मागे घोडा, आणि बाजूला हातात मोबाइल धरून सगळं शूट करणारी करवली.

मास्टर लाल कोटात पुढे उभे होते. गळ्यातली माळ कोटाच्या कॉलरमधून दिसत होती. कोपरं बरगड्यांना टेकलेली. बाजूला मुलगा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, माउथपीस हनुवटीखालून वर सरकलं आणि पहिला लांब सूर निघाला. मी श्वास रोखून ऐकत होते. तो कुठे तरी किंचित हलला. अगदी किंचित. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "लई ग्वाड वाजिवतो बाई!" मग हलगी सुरू झाली, गाणं पळायला लागलं आणि मास्टरांची बोटं पिस्टनवर अशी धावायला लागली की या माणसाला काही आजार आहे यावर मलाच विश्वास बसेना.

मारुतीच्या पारापाशी नवरदेव देवळात गेला, बँड थांबला. पोरं पाणी पीत होती. मास्टरांच्या मुलाने मित्रांबरोबर सेल्फी काढायला मोबाइल उंच धरला. तीनदा काढला, तीनही फोटो हललेले. मित्र हसले. "काय रे, आत्ताच लावली का?"

बावीस वर्षांचं पोर. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि आपणही हसला. माझी नजर मास्टरांकडे गेली. ते आधीपासूनच त्याच्याकडे बघत होते.

"दोन महिने झाले," ते हळूच म्हणाले. "त्याला वाटतं मला कळलं नाही. या सोमवारी तिथी नाही, सुपारी नाही. अंबाजोगाईला घेऊन चाललोय. नंबर लावून ठेवलाय." थोडं थांबले. "आबांना वीस वर्षं नाव ठेवली लोकांनी. मला सात. ह्याला एक दिवस पन ठेवू देनार नाही."

नवरदेव देवळातून बाहेर आला. मास्टरांनी कोपरं बरगड्यांना टेकवली आणि मुलाला खूण केली.

हात थरथरतोय?

- थरथर कधी येते ते आठवडाभर बघा. निवांत असताना की काम करताना? डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पंप सोबत न्या. चहा-कॉफी किती आणि झोप किती तेही खरं खरं सांगा. थायरॉइडची तपासणी बहुधा करायला लावतील.
- घरात आई-वडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचा हात कापायचा का, ते विचारून ठेवा.
- वाद्य वाजवत असाल तर ते दवाखान्यात घेऊन जा आणि वाजवून दाखवा.
- मित्राची गोळी उसनी घेऊन प्रेझेंटेशनला उभं राहायचं नाही. अजिबात नाही!
- पार्किन्सन्सचं निदान झालंच तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे.

बीडला जाताय?

- कसं जाल: पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरहून एसटी आहे. सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर-बीड रेल्वेही सुरू झाली आहे. बीडकरांनी या गाडीची कित्येक दशकं वाट बघितली!
- काय बघाल: पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर, निजामशाहीच्या काळातली खजाना बावडी, मांजरसुंब्याजवळ कपिलधार, पुढे अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ.
- कधी जाल: पावसाळ्यानंतर कपिलधारसाठी. बँड ऐकायचा असेल तर तुळशीच्या लग्नानंतर कधीही, कॅलेंडरवर तिथी बघून.